कूपन

अंक दोनशे बारा. पान बत्तीस.
खाली उजव्या कोपऱ्यात भोक.

आमच्या लिएजच्या तळघरातली प्रत तशी,
ब्रसेल्सच्या संग्राहकाने हातमोजे घालून दाखवलेली तशी,
नामूरच्या एका बाईंनी बिस्किटांच्या डब्यातून काढून दिली,
तीही तशीच.
सगळ्यांना एकाच जागी एकाच मापाची खिडकी,
आणि खिडकीतून दिसते
बुटांच्या पॉलिशची जाहिरात.

कारण पाठीमागे, पान एकतीसवर, कूपन होतं:
हे कापून पाठवा, होकायंत्र मिळवा.
त्रेपन्न सालची पोरं शहाणी.
तुटक रेषेवरूनच कापायची.

मूळ चित्रं नाहीत.
चित्रकार वारला तेव्हा घरमालकाने ती
खिडक्यांच्या फटींत कोंबली, थंडी होती म्हणून.
बांधीव खंड म्यूज नदीने नेले.
नेले म्हणजे,
जागच्या जागी त्यांच्या विटा केल्या.

नादेज पान स्कॅनरवर ठेवते,
न्हाऊ घातलेलं पोर दुपट्यावर ठेवावं तसं.
मी पिवळेपणा काढतो. सगळा नाही.
सगळा काढला की कागद खोटं बोलायला लागतो.
निळा रंग रेषेबाहेर केसभर सांडलाय,
तो राहू देतो.
ज्याने सांडला तो घाईत होता, शनिवार असणार.

पण भोकाला काय रंग द्यायचा?

जुन्या वाचकांना बोलावलं.
ओदील, कोळशाच्या पडावाची कप्तान,
कालव्याला पूर, कुत्रं वाहून गेलेलं.
शेवटच्या चौकटीत काय होतं?
मादाम प्रेव्हो म्हणाल्या, ओदीलने उडी घेतली,
या डोळ्यांनी पाहिलंय.
शाळामास्तर म्हणाले, कंदील विझतो. काळी चौकट. बस.
ट्राम हाकून म्हातारे झालेले उबां म्हणाले,
कुत्रं परत येतं.
आम्ही त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

सापडलं ते हिशेबाच्या कपाटात,
वीजबिलांच्या मागे,
सुतळीने आवळलेला गठ्ठा:
एकशे सतरा कूपनं.
ज्यांनी ते चित्र साऱ्या प्रतींमधून कापून नेलं
त्यांनीच ते आमच्या पत्त्यावर पाठवलं होतं,
पदरचं तिकीट लावून.

मी पहिलं उलटं केलं.
काठ. रिकामं पाणी.
आणि कुत्रं, चिंब, अंग झाडतंय,
थेंब चौकटीबाहेर उडालेले.
नादेजने उबांना फोन लावला
आणि तिला बोलताच येईना.

मग दुसरी बाजू. पेन्सिल. काजळलेले अंगठे.
रेनातो, खाण-वसाहत, सरें, दार सात.
आडनाव: बाबांचं तेच.
मी मुलगी आहे, चालेल का?
लवकर पाठवा, आम्ही घर बदलणार आहोत.

इतकं दाबून लिहिलेलं की अक्षरं पार गेलीत,
कुत्र्यामागच्या पाण्यात उलटे पत्ते तरंगतात.
एकशे सतरा चित्रं एकावर एक रचली
की पत्ते एकमेकांना पुसतात,
पाणी निवळतं.
ते निवळलेलं पाणी पुस्तकात जाईल.
दुसरं काही करता आलं नसतं, असं नाही.
तसं ठरलं.

एकशे आठांवर जांभळा शिक्का: रवाना.
नऊ कोरी.

संध्याकाळी तोनार आले,
संस्थापकांचे चिरंजीव, वय एक्क्याऐंशी, ओला कोट.
विचारलं, पाठीमागचं कूपनही छापायचं?
म्हणाले, होतं ना? मग छापा.
आणि कुणी कापून पाठवलं तर?

त्यांनी चष्मा पुसला. गठ्ठा पुढे ओढला.
कोरी कूपनं वेगळी काढत,
ओठांतल्या ओठांत एकेक पत्ता वाचत म्हणाले,
आधी हे नऊ जण.